लहान खोलीत ट्यूब अँपला स्पीकर कसे जुळवायचे

ट्यूब अँप, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर, घ्यायचं मनात आलं की पहिली शंका हमखास हीच, की एवढ्याशा वॅटमध्ये स्पीकर वाजतील का, आणि मग कोणीतरी जाणकार सांगतो की ९५ डीबीच्या वरच्या सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे थोड्या वॅटमध्ये जोरात वाजणारे, स्पीकर असतील तरच या भानगडीत पड, नाहीतर राहू दे. मोठा हॉल असेल तर ठीक आहे. पण खोली ३ बाय ३.५ किंवा ३.५ बाय ४ मीटर आणि तुम्ही स्पीकरपासून दोन मीटरवर बसून ऐकणार, तर हा सल्ला अर्धाच खरा आहे. लहान खोलीत वॅट बहुतेक वेळा पुरतात. गाडी अडते ती भलतीकडेच, एक म्हणजे स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) किती वरखाली होतो तिथे आणि दुसरं म्हणजे खोलीत बास कसा तुंबतो तिथे. म्हणून वॅटचं प्रकरण लवकर उरकू आणि उरलेला वेळ या दोघांना देऊ.

पायरी १ : अँप कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा

ट्यूब अँप म्हटलं की सगळी एकसारखी असं नसतं. एक घराणं सिंगल एंडेडचं, म्हणजे बहुतेक वेळा चॅनेलमागे एकच पॉवर ट्यूब. ती २ए३ असेल तर साडेतीन वॅट मिळतात, ३००बी असेल तर ८ च्या आसपास, एकटी ईएल८४ असेल तर चार-पाच. दुसरं घराणं पुश-पुलचं, तिथे दोन ट्यूब आळीपाळीने भार उचलतात, ईएल८४ ची जोडी १० ते १५ वॅट देते, ईएल३४ ची जोडी ३०-४० पर्यंत जाते आणि केटी८८ त्याच्याही पुढे.

पण वॅटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाय, अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देऊन चुका कमी करायची युक्ती, किती आहे? १९४७ मध्ये विल्यमसन या ब्रिटिश इंजिनिअरने आपलं गाजलेलं सर्किट छापलं त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धरून तब्बल २० डीबी फीडबॅक होता, आणि पुश-पुल अँपमध्ये थोडाफार फीडबॅक असणं ही तेव्हापासून रूढच होऊन गेलेली गोष्ट. उलट आजची बरीच सिंगल एंडेड ट्रायोड अँप फीडबॅकशिवायच बनवतात, कारण त्यांच्या चाहत्यांना तो नकोच असतो. फीडबॅक असला की अँपचा आउटपुट इम्पीडन्स खाली येतो, नसला की २-३ ओहमपर्यंत राहतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरणार आहे.

स्पेक शीटवर आउटपुट इम्पीडन्स क्वचितच लिहितात, पण डॅम्पिंग फॅक्टर लिहितात. स्पीकरच्या ८ ओहमला त्याने भागायचं की झालं. डॅम्पिंग फॅक्टर ४ म्हणजे आउटपुट इम्पीडन्स २ ओहम, १६ म्हणजे अर्धा ओहम. काहीच लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारा, आणि त्याने "कानाने ऐका हो, आकडे कशाला बघता" असं उत्तर दिलं तर आकडा फारसा सांगण्यासारखा नसणार असं धरून चाला.

पायरी २ : वॅटचा हिशोब

यात दोनच गोष्टी पाठ करायच्या. पॉवर दुप्पट केली की ३ डीबी वाढतात, दहापट केली की १० डीबी. आणि कानाला आवाज साधारण "दुप्पट" वाटायला १० डीबी लागतात. म्हणजे ८ वॅटचं अँप बदलून १६ वॅटचं घेतलं तर पडणारा फरक हा फक्त ३ डीबीचा, व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवल्याइतका.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर किती डीबी आवाज येतो तो आकडा. २.८३ च का, तर ८ ओहमवर तेवढ्यात बरोबर १ वॅट होतो. आता ४ ओहमच्या स्पीकरवर त्याच २.८३ व्होल्टमध्ये २ वॅट जातात, त्यामुळे "९० डीबी, ४ ओहम" असं लिहिलेलं दिसलं की मनातल्या मनात ३ वजा करून ८७ समजायचं. शिवाय काही कंपन्या हा आकडा भिंतींच्या मदतीने मोजून फुगवतात, म्हणून कोणी स्वतंत्रपणे मोजलेला आकडा मिळत नसेल तर कागदावरच्यातून अजून २-३ डीबी कापलेले बरे.

मोकळ्या मैदानात एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की ६ डीबी जातात, खोलीत भिंती थोडं परत देतात म्हणून ४ धरा, आणि स्पीकर दोन आहेत त्याचे ३ परत मिळवा. निव्वळ तोटा १ डीबी. लहान खोलीची ही खरी गंमत आहे, तुमच्या खुर्चीत १ वॅटला जवळपास तेवढाच आवाज येतो जेवढा स्पीकरच्या कागदावर लिहिलाय.

आता बऱ्यापैकी जोरात ऐकायचं म्हणजे सरासरी ७५ डीबी, आणि तबल्याची थाप किंवा ड्रमचा फटका त्याच्या १५-२० डीबी वर जातो, म्हणून खुर्चीत ९५ डीबीचं टोक पकडू. ९४ डीबीच्या स्पीकरला त्यासाठी दीड-पावणेदोन वॅट लागतात. ८८ च्या स्पीकरला साधारण सव्वासहा. ८४ च्या स्पीकरला १६. याच्या वर दुपटीची सोय ठेवली की झालं, आणि सिंगल एंडेड अँप शेवटच्या टोकाला कडाडकन तुटत नाही, हळूहळू गोल होतं, त्यामुळे अधूनमधून टोक ओलांडलं तरी कान किटत नाहीत. मात्र स्पेकमधले वॅट किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला) मोजलेत तेही बघून घ्या, ८ वॅट लिहून बाजूला बारीक अक्षरात १० टक्के असेल तर स्वच्छ वॅट त्याहून बरेच कमी आहेत.

पायरी ३ : हिशोबावर विश्वास नसेल तर मल्टिमीटर काढा

ही पायरी बरेच जण गाळतात, पण मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची हीच, कारण "मी जोरात ऐकतो" या वाक्याला काही अर्थ नसतो, प्रत्येकाचं जोरात वेगळं. सध्या जे ट्रान्झिस्टर अँप आणि स्पीकर असतील त्यावर तुमचं सगळ्यात जोरात वाजवायचं गाणं लावा, आजवर जास्तीत जास्त जेवढं वाढवलं असेल तेवढं वाढवा आणि व्हॉल्यूमला आता हात लावू नका. मग त्याच सोर्सवरून २०० हर्ट्झचा, उणे १२ डीबी लेव्हलचा (शून्य डीबी म्हणजे फाइलमधली कमाल पातळी) साइन टोन वाजवा, अशी फाइल फुकटच्या कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये मिनिटभरात बनते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि आकडा लिहून घ्या. टोन चांगलाच मोठा वाजेल, त्यामुळे पाच सेकंदांत उरकायचं.

तो आकडा गुणिले ४. कारण १२ डीबी म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट, आणि रेकॉर्डिंग फार तर शून्य डीबीपर्यंतच जाऊ शकतं. समजा मीटरवर १.२ व्होल्ट आले. चौपट ४.८, त्याचा वर्ग २३, भागिले ८ ओहम, उत्तर २.९ वॅट. म्हणजे तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर, तुमच्या कानांना लागणारी सगळ्यात जास्त पॉवर ही तीन वॅटसुद्धा नाही. हे उत्तर बघून पुष्कळ लोक एकदम शांत होतात. पुढे घ्यायचे स्पीकर आत्ताच्यापेक्षा ३ डीबी जास्त सेन्सिटिव्ह असतील तर हे वॅट निम्मे करा, ३ डीबी कमी असतील तर दुप्पट.

टोनचा त्रास नको म्हणून काही जण मोजताना स्पीकरच्या वायरी काढून ठेवतात. ट्रान्झिस्टर अँपला ते चालतं. ट्यूब अँपला अजिबात नाही, का ते पुढे येतंय.

पायरी ४ : इम्पीडन्सचा ग्राफ शोधा, खरी मेख इथे आहे

स्पीकरच्या मागे "८ ओहम" लिहिलेलं असतं ते एक गोळाबेरीज नाव आहे. प्रत्यक्षात तोच स्पीकर २०० हर्ट्झला ४ ओहम असतो, क्रॉसओव्हरच्या (बास आणि ट्रेबल वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारं सर्किट) आसपास, म्हणजे २ हजार हर्ट्झच्या पुढेमागे, २० झालेला असतो आणि खाली बासमध्ये ३० वर चढलेला असतो. नियम असा आहे की इम्पीडन्स नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरायला नको. किती कंपन्या हा पाळतात ते दोन-चार मोजलेले ग्राफ बघितलेत की कळेलच.

ट्रान्झिस्टर अँपला या चढउताराचं काही पडलेलं नसतं, त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहमच्या घरात, त्यामुळे समोर ४ असो की ३०, व्होल्टेज तेच. ट्यूब अँपचा २ ओहम असला की तो स्पीकरशी सिरीजमध्ये बसतो आणि व्होल्टेज वाटून घेतो. करून बघा. स्पीकर जिथे ४ ओहम आहे तिथे त्याला सहापैकी चार भाग मिळतात, म्हणजे साडेतीन डीबीचं नुकसान. जिथे ३० ओहम आहे तिथे बत्तीसपैकी तीस, नुकसान जेमतेम अर्ध्या डीबीचं. झाला तीन डीबीचा फरक. म्हणजे ट्यूब अँपने स्पीकरला फुकटात एक इक्वलायझर लावून दिला, आणि त्याचा आकार कोणी ठरवला तर इम्पीडन्सच्या ग्राफने.

म्हणूनच एकाला एखादं ३००बी अँप "काय गोड वाजतं, आवाज नुसता समोर येऊन उभा राहतो" वाटतं आणि दुसऱ्याला तेच अँप स्वतःच्या स्पीकरवर नुसतं घुमणारं वाटतं. दोघंही खरं बोलत असतात. पहिल्याच्या स्पीकरच्या इम्पीडन्सला २ हजार हर्ट्झवर टेकडी आहे, तिथे गाणाऱ्याचा आवाज उचलला गेला. दुसऱ्याची टेकडी ७० हर्ट्झवर आहे.

उलट जो स्पीकर ६ ते १२ ओहममध्येच फिरतो त्याच्यावर तेच २ ओहमचं अँप लावलं तर फरक सव्वा डीबीहून कमी पडतो, आणि एवढा चालून जातो, कधीकधी आवडतोही. किंवा स्पीकर तोच ४ ते ३० वाला ठेवा पण अँप अर्ध्या ओहमचं, फीडबॅक असलेलं पुश-पुल घ्या, तरी फरक एक डीबीच्या आत येतो. म्हणजे दोनपैकी एक तरी शहाणा हवा, अँप नाहीतर स्पीकर.

ग्राफ कुठे मिळतो? ऑडिओ मासिकांच्या मोजमापांसोबत बहुतेक वेळा असतो. नसेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर, साउंडकार्ड आणि एक रेझिस्टर एवढ्यावर घरीही काढता येतो. बघायचं काय, तर सगळ्यात खालचा आकडा आणि तो कुठे आहे, टेकड्या किती उंच आणि कुठे आहेत, आणि फेजची रेघ, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत ते. इम्पीडन्स खाली असतानाच फेज उणे ४५ अंशांच्या पलीकडे घसरत असेल तर तो स्पीकर ट्यूब अँपसाठी नाही, सेन्सिटिव्हिटी कितीही लिहिलेली असो. उगाच प्रेमात पडू नका.

याच कारणाने मी ८९ डीबीचा सपाट ८ ओहमचा स्पीकर हा ९३ डीबीच्या, पण ३ ओहमपर्यंत डुबकी मारणाऱ्या स्पीकरच्या आधी निवडेन, आणि लहान खोलीत तर डोळे झाकून.

पायरी ५ : ४, ८ की १६, टॅप लावून बघा

ट्यूब अँपच्या मागे ०, ४, ८ आणि कधी १६ असे टर्मिनल असतात, त्यांनाच टॅप म्हणतात. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं काम स्पीकरचे ८ ओहम ट्यूबला हजारो ओहम करून दाखवायचं. ट्यूबला ५००० ओहम हवे असतील तर ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणजे तारेचे वेढे २५ ला १ या प्रमाणात. आता ८ च्या टॅपवर ४ ओहमचा स्पीकर लावला की ट्यूबला २५०० च दिसतात, डिस्टॉर्शन वाढतं आणि बास पातळ किंवा सैल वाटायला लागतो. उलट केलं, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपवर लावला, तर ट्यूबला १०,००० दिसतात. जास्तीत जास्त पॉवर कमी होते पण आउटपुट इम्पीडन्सही खाली येतो आणि बासवर पकड येते.

लहान खोलीत हा सौदा बऱ्याचदा फायद्याचा ठरतो, कारण पॉवर तशीही पडूनच असते. त्यामुळे टॅपवर लिहिलेल्या आकड्याला देववाणी समजू नका, स्पीकरचा ग्राफ बासमध्ये आणि खालच्या मध्यम सुरांत जिथे बराच वेळ रेंगाळतो तो आकडा धरून सुरुवात करा, आणि मग एक टॅप खाली लावून दोन-तीन दिवस ऐका. अँपचं काहीही बिघडत नाही.

बदलताना मात्र अँप बंद करूनच बदलायचं. आणि ट्यूब अँप स्पीकर न जोडता कधीही चालू करायचं नाही. लोड नसताना सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज प्रचंड उसळतं, आतलं इन्सुलेशन किंवा ट्यूबचा सॉकेट फुटू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर हाच अँपमधला सगळ्यात महाग भाग असतो. वायरीचं टोक सैल तर नाही ना, हे दर वेळी बोटाने हलवून बघायची सवय लावा. तळाचं झाकण उघडायचं नाही हे वेगळं सांगायला नको, आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ टिकतात.

स्पीकर वायरबद्दल एकच. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची वायर तीन मीटर टाकली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०४ ओहमच्या आसपास होतो. अँपच्या २ ओहमपुढे हे काहीच नाही. वायरीचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

पायरी ६ : खोलीचं माप घ्या

आता खोली. टेप घ्या, लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहा आणि ३४३ ला प्रत्येकाच्या दुपटीने भागा. ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झ, ३.५ असेल तर ४९, ३ मीटर असेल तर ५७, छत २.७ वर असेल तर ६३ किंवा ६४. या सुरांना तुमची खोली स्वतःहून घुमणार. दोन मापं सारखी असतील, म्हणजे खोली चौरस ३ बाय ३, तर ५७ हर्ट्झ दुहेरी घुमतो आणि त्याला फारसा इलाज नाही, बसायची जागा थोडी सरकवणं सोडून.

आता हा आकडा मघाच्या इम्पीडन्सच्या ग्राफशेजारी ठेवा. बंद पेटीच्या स्पीकरला बासमध्ये एकच टेकडी असते, छोट्या बुकशेल्फची (शेल्फवर मावणाऱ्या स्पीकरची) बऱ्याचदा ६० ते ८० हर्ट्झमध्ये. पोर्टवाल्याला, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक असलेल्याला, दोन टेकड्या असतात आणि मधली दरी पोर्टच्या ट्यूनिंगवर. जिथे टेकडी तिथे ट्यूब अँप आवाज उचलणार. खोलीचा ५७ आणि स्पीकरची टेकडी ६० एकावर एक बसली की प्रत्येक गाण्यातला तेवढाच एक सूर धपधप ऐकू येणार, बाकी बास गायब. लोक मग ट्यूब बदलतात, वायरी बदलतात, अँपला लाकडी पाय लावतात. आहे तो साधा बेरजेचा प्रश्न.

सांगायचं म्हणजे लहान खोलीत खोल बास देणारा पोर्टवाला मोठा टॉवर आणि फीडबॅक नसलेलं अँप ही जोडी शक्यतो टाळा. बंद पेटीचा, खाली लवकर पण हळूहळू उतरत जाणारा स्पीकर घेतला तर उतरलेला बास खोली बऱ्यापैकी भरून काढते, कारण सगळ्यात खालच्या घुमण्याच्याही खाली, दारं-खिडक्या बंद असतील तर, खोली स्वतः दाब वाढवते. कागदावर ६० हर्ट्झला संपणारा स्पीकर अशा खोलीत ४५ पर्यंत बऱ्यापैकी ऐकू येतो.

पोर्टवाला आधीच घरात असेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला पायमोजा घालून बघा, खर्च शून्य. काही ठिकाणी जादू होते, काही ठिकाणी बास फार सुकतो, मग अर्धाच बोळा.

स्पीकरच्या मागच्या भिंतीचंही एक गणित आहे. वूफरपासून (बास वाजवणाऱ्या ड्रायव्हरपासून) भिंत ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या जवळ भिंतीवरून परत आलेला आवाज सरळ आवाजाला खोडतो. एक मीटर असेल तर तोच खड्डा ८६ वर येतो. ढोलकीतला, चेलोतला भरीवपणा नेमका याच पट्ट्यात असतो. लहान खोलीत स्पीकर दीड मीटर पुढे ओढायला जागा नसतेच, त्यामुळे मधलं काहीतरी करण्यापेक्षा भिंतीजवळ ठेवता येतील असे स्पीकर घेऊन ते खरोखर भिंतीजवळ ठेवलेले चांगले. मात्र मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं वूफरपासून सारखी नकोत, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात. खुर्ची तिच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, आणि खोलीच्या बरोबर मध्यातही नको, तिथे पहिलं घुमणं शून्य असतं. खुर्चीमागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा आणि मग पुढेमागे सरका.

पायरी ७ : मग घ्यायचं काय

जोसेफ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे, लहान पेटी, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यातले कुठलेही दोनच मिळतात. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला, बंद आणि त्या काळाच्या मानाने लहान पेटीत खोल बास, आणि किंमत काय मोजली तर सेन्सिटिव्हिटी. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट मुबलक केले आणि जग त्याच वाटेने गेलं. त्यामुळे बुकशेल्फच्या आकाराचा, ९५ डीबीचा आणि ४० हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर अशी जाहिरात दिसली की पुढचं पान उलटा.

१० वॅटच्या वरचं पुश-पुल असेल तर ८६ ते ९० डीबीचे, ६ ओहमच्या खाली न जाणारे बुकशेल्फ घ्या आणि सुखाने ऐका. लहान खोलीतल्या बहुतेक लोकांनी इथेच थांबावं असं मला वाटतं. या जातीचा नावाजलेला नमुना म्हणजे बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३, सगळ्या नियमांनी ट्यूब अँपसाठी नापास. पण बंद पेटी आणि नॉमिनल इम्पीडन्स १५ ओहम, नंतरच्या आवृत्तीत ११, त्यामुळे १५-२० वॅटच्या पुश-पुलवर दोन मीटरवरून तो इतका छान वाजतो की लोक अजून त्याच्या मागे असतात.

पाच-आठ वॅटचं सिंगल एंडेड असेल तर ९० ते ९४ डीबी आणि शांत इम्पीडन्स, साधा क्रॉसओव्हर. दोन-तीन वॅट असतील तर ९४ च्या पुढे जावंच लागतं, मग फुल रेंज ड्रायव्हर (सगळे सूर एकटाच वाजवणारा) किंवा हॉर्न (भोंग्याचा स्पीकर). फुल रेंजमध्ये क्रॉसओव्हरच नसल्याने मधली टेकडी नसते, पण तो दोन मीटरवर थोडा बोचतो, त्याला खुर्चीकडे पूर्ण न वळवता जरा बाहेर बघू द्या. मोठ्या हॉर्नला मात्र लहान खोली मानवत नाही, वरचा आणि खालचा आवाज एकजीव व्हायला दोन-अडीच मीटरहून जास्त अंतर लागतं, जवळ बसलं की व्होकल एका उंचीवरून आणि बास दुसऱ्या उंचीवरून येतो.

आणि फार जास्त सेन्सिटिव्हिटीचा लहान खोलीत एक तोटा आहे जो कोणी आधी सांगत नाही, तो म्हणजे हम, अँपमधून सतत येणारी घरघर. अँपमधून नुसता २ मिलिव्होल्टचा हम येत असेल तर १०० डीबीच्या स्पीकरवर तो एक मीटरला ३७ डीबी होतो, रात्री शांततेत स्पष्ट ऐकू येतो. ८८ च्या स्पीकरवर तोच २५ डीबी, कानाला पत्ता लागत नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलवर (कोनऐवजी विद्युतभारित पातळ पडदा हलवणाऱ्या स्पीकरवर) मन असेल तर क्वाड कंपनीचा १९५७ चा पहिला ईएसएल त्यांच्याच १५ वॅटच्या ट्यूब अँपवर वाजायचा हे खरं, पण पॅनेलचा इम्पीडन्स वरच्या सुरांत खूप खाली येतो, फीडबॅक नसलेल्या अँपवर ट्रेबल विरघळून जातो, आणि मागे मीटरभर मोकळी जागा लागते. लहान खोलीत नकोच.

पायरी ८ : ऐकून बघताना

दुकानात ऐकायला जाल तेव्हा शक्यतो स्वतःचं अँप घेऊन जा, जड असतं, कुरकुर होते, पण दुसऱ्या अँपवर ऐकलेल्या स्पीकरवरून काही ठरवता येत नाही. एका बास गिटारची चाल सावकाश वरखाली जाणारं गाणं निवडा आणि प्रत्येक सूर सारख्या जोरात येतोय का तेवढंच ऐका. मग तुमच्या ओळखीच्या एखाद्या गायकाचा आवाज, छाती भरून आलेला वाटतो का, की नाकात गेलाय. हळू आवाजातही ऐका, खरं ऐकणं बहुतेक वेळा तेव्हाच होतं. घरी चार दिवस न्यायला देत असतील तर दुकानातलं सगळं विसरून जा आणि घरच्याच निकालावर जा.

पायरी ९ : बास कमी पडला तर

अँप बदलायच्या आधी सबवूफरचा विचार करा. ज्याच्या मागे हाय लेव्हल इनपुट आहे असा स्वतःचं अँप असलेला सब घ्या, तो तुमच्या अँपच्या स्पीकर टर्मिनललाच जोडायचा असतो, त्याचा इनपुट हजारो ओहमचा असल्याने ट्यूब अँपवर भार पडत नाही. क्रॉसओव्हर ६० हर्ट्झच्या आसपास आणि आवाज एवढाच की बंद केल्यावरच तो होता हे कळावं.

अँप कमी वॅटचं असेल तर अजून एक करता येतं. इंटिग्रेटेड (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच पेटीत) नसून वेगळं पॉवर अँप असेल आणि त्याचा इनपुट १०० किलोओहम असेल तर तिथे सिरीजमध्ये ०.०२२ मायक्रोफॅराडचा एक फिल्म कपॅसिटर टाकला की ७२ हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापलं जातं. इनपुट ५० किलोओहम असेल तर दुप्पट, ०.०४७ चा घ्या. अँपमध्ये आत हात घालायची गरज नाही, प्रीअँप आणि पॉवर अँप जोडणाऱ्या वायरीच्या प्लगमध्येही तो मावतो. ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोघांचाही सगळ्यात जड भार उतरतो, आणि तेच आठ वॅट एकदम ऐसपैस वाटायला लागतात. फक्त यात सबला सिग्नल प्रीअँपकडून, कपॅसिटरच्या आधीच्या जागेवरून द्यायचा, स्पीकर टर्मिनलवरून घेतला तर त्याच्यापर्यंत पोचणारा बासही आधीच कापलेला असेल.